दादाच्या गाडीचा आकडा

३ नोव्हें., सोमवार
संध्याकाळी दारात चौघं उभे. दादाच्या कंपनीतले. हातात पेढ्याचा पुडा. मला वाटलं भेटायला आलेत. त्यातला टकला म्हणाला, "भावा, तुझ्या भावानं दिलं राव! सत्तेचाळीस लागला."
सत्तेचाळीस म्हणजे दादाच्या गाडीचे शेवटचे दोन आकडे. चाकण रोडला अपघात झाला तेव्हा त्याला रिक्षात घालायच्या आधीच कुणीतरी नंबरप्लेटचा फोटो काढून ग्रुपवर टाकलेला. दसऱ्याआधीची गोष्ट. दादा गेला तेव्हापासून सगळे मोबाईलवरच्या लॉटरीत तोच आकडा लावतायत.
पेढा खाल्ला मी. चांगला होता.

५ नोव्हें., बुध.
संत्या, माझा रूमपार्टनर, तोही लावत होता. विचारलं तर बनियन झटकत म्हणाला, "सगळेच लावतात रे. मयताचा आकडा वाया नाही घालवत." मग हळूच, "तुझ्या स्वप्नात आला का?"
नाही. एकदापण नाही. टकल्याच्या आला म्हणे, पांढऱ्या शर्टात. दादाकडे पांढरा शर्ट नव्हताच.

८ नोव्हें., शनि.
आईचा फोन. "माझ्या स्वप्नात येतो, पण पाठ करून बसतो. काहीतरी राहिलंय त्याचं. तुझ्याशी बोलंल बघ तो. इचार."
अपघाताच्या त्या सकाळी निघताना दादा दारातून मला काहीतरी म्हणाला होता. नेमकी कुकरची शिट्टी. मी 'काय?' म्हणेपर्यंत गाडी चालू झालेली. म्हटलं, संध्याकाळी विचारू.

११ नोव्हें., मंगळ.
कामाला दांडी. रहाटणीपर्यंत उगाच चालत गेलो. वाटेत एकजण रस्त्यावर पोपट विकत होता, तिथं तासभर गेला. परत येताना कासारवाडीत नानांच्या दुकानात टेकलो. पूर्वीचं लॉटरीचं दुकान. दोरीला चिमटे अजून आहेत, खाली मोबाईलची कव्हरं लटकतात.
नाना म्हणाले, "आमच्या येळंला कागदाचं तिकीट. आठवड्याला सोडत. तवर माणूस खिसा चाचपत खुशीत फिरायचा. मग मशीन आलं, पंधरा मिनटाला निकाल. पोरं दुकानातनं हलंनात. आता तर दुकान बी नको. संडासात बसून लावत्यात."
मी सत्तेचाळीसचं सांगितलं. नानांनी एक कव्हर पुसून परत चिमट्याला लावलं.
"मयताचा आकडा आमच्याकडं बी लावायचे. न्हाई कसं म्हणू. पन त्येला आठवड्यातनं एकदाच उठवायचे. आता पंधरा मिनटाला उठवत्यात. त्यानं झोपायचं कवा?"
ते डोक्यातून जात नाही. झोपच नाही त्याला, तर माझ्या झोपेत कसा येईल.

१५ नोव्हें., शनि.
ग्रुपला दादाच्या मोडक्या गाडीचा फोटो लावलाय. वर हार चिकटवलाय, मोबाईलवरचाच. टकल्याचा फोन: "आला का? काही बोलला तर आधी मला सांग हां, भावा." फोन ठेवला तरी मागून कुणीतरी 'आला का' म्हणतंय असं वाटत राहिलं. जिन्यात. कंपनीच्या बसमध्ये. रिकाम्या सीटवर मी बॅग ठेवत नाही हल्ली.

१९ नोव्हें., बुध.
दादाचं जर्किन उशाला घेऊन झोपलो. स्वप्नात गावाकडची शेळी. बस्स.

२३ नोव्हें., रवि.
संत्यासमोर बसून लिहितोय.
रात्रपाळी करून आलो, दुपारी पडलो. आला. दारातच. एक मोजा घातलेला, दुसरा हातात. तेच म्हणाला, त्या सकाळचं. मी म्हटलं, परत म्हण. त्यानं परत म्हटलं. मला कळलं! मी त्याच्यामागं मोठ्यानं म्हणत होतो, विसरू नये म्हणून.
आणि कुणीतरी हलवलं. संत्या. त्याचं तोंड दिव्यासारखं.
"बडबडलास राव तू! चांगलं दोनदा!"
सगळं गेलं. मोजा तेवढा आठवतो.
"काय म्हणालो मी?"
"लावलंय. निकाल लागू दे, मग सांगतो. आधी बोललं की आकडा फुटतो."
"आकडा म्हणालो?"
मोबाईल छातीशी धरला. मग म्हणाला, "आकडा नाही. त्यातनं काढला मी."
"मग शब्द काय होते?"
"थांब ना भावा. एवढी सोडत."
गळा धरला त्याचा. तर म्हणतो, "मार. पण निकाल लागेपर्यंत बोलणार नाही." पाया पडलो. तेही झालं. डोळ्यांत पाणी आहे त्याच्या, पण नजर मोबाईलवर. निकालाचं चक्र फिरतंय. नाही लागला तर हा कायतरी बनवून सांगेल का? लागला तर ग्रुपवर टाकेल. दादाचं बोलणं, मला सांगायच्या आधी.
चक्र हळू झालंय.
कोपऱ्यात याचा कुकर फुसफुसतोय. शिट्टी व्हायच्या आत मी उठून गॅस बंद केला.