ताण्याच्या खुंट्या आणि कॉलेजचा पाया

कार्तिक वद्य २, शुक्रवार

कॉलेजातून शिपाई आला. प्रिन्सिपॉलसाहेबांनी उद्या बोलावलंय म्हणाला. (एवढा लांब शब्द रोज कोण लिहिणार. प्रि. लिहीन.) कशाला, ते शिपायाला माहीत नाही. जावं की नको, ठरेना. ही म्हणाली, "जा की. खातंय काय त्ये तुमाला?" हिला काय. मराठी तिसरी झालेला घोंगडी विणणारा माणूस कॉलेजात जाऊन बोलणार काय? धोतर धुऊन टाकलं. सकाळपर्यंत वाळलं नाही तर?

कार्तिक वद्य ३, शनिवार

वाळलं. गेलो. प्रि. पुण्याकडचे, बोलायला गोड. बसायला खुर्ची दिली. त्यांच्या स्वतःच्या खुर्चीवर आपली घोंगडी. मागं कॉलेजचा पहिला वर्ग पत्र्याच्या शेडीत भरला, बाकं नव्हती, तेव्हा पोरांना बसायला आमच्या आळीतल्या घरांनी घोंगड्या दिल्या होत्या, त्यातली. काठ बघून ओळखली. शेजारच्या गंगव्वाच्या हातची. जरा धीर आला.

मग नकाशा उघडला. शास्त्राची इमारत, वाचनालय, पोरांचं वसतिगृह. पोरं वाढलीत, शेडीत मावत नाहीत. खरं आहे, काही दारात उभी राहून ऐकतात, जाता येता बघतो. नकाशात एकेका खोलीला नाव. मी आमचा ताणा लावायचा माळ शोधत होतो. सापडेना. विचारलं तर प्रि.नी वसतिगृहावर पेन्सिल टेकवली. म्हणजे माळ नकाशात नव्हताच. तिथं कोरा कागद होता, त्यावर वसतिगृह काढलं.

"सिद्रामअण्णा, जागा म्युनिसिपालटीनं संस्थेला दिली आहे. पण तुमची मंडळी रोज तिथं ताणा लावतात, ते मी पाहतो. न विचारता काम सुरू करणं मला बरं वाटत नाही. सगळ्यांच्या वतीनं तुम्ही या कबुलीवर सही करा. ओढ्यापलीकडे दुसरी जागा देववतो."

मी म्हणालो, बघतो.

का म्हणालो? नाही म्हणायचं होतं. कागद खिशात घेऊन आलो. वाटभर तो टोचत होता.

कार्तिक वद्य ५, सोमवार

सोमवार देवाचा, आमच्यात ताणा लावत नाहीत. सिद्धेश्वराला जाऊन आलो. परत आलो तर गंगव्वा ओट्यावर बसलेली. नवरा गेल्यापासून एकटी माग चालवते, आळीत तिच्यासारखा हात नाही आणि तिच्यासारखी जीभही नाही.

"सही केली म्हनं आण्णा?"

"नाही."

"करनार हाय?"

"बघतो म्हणालो."

"बघतो म्हंजे व्हयच की. मी बी लग्नाच्या टायमाला बघते म्हनले हुते." मग म्हणाली, "आन सही केली तर मी खळ कुटं लावू? तुमच्या टकलावर?"

ही आतून हसली. माझ्या टकलात हसण्यासारखं काही नाही.

पण गंगव्वाचं बरोबर. ताणा अंगणात मावत नाही. सूत माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खुंट्यांना ताणायचं, दोन्ही बाजूंनी चालत चिंचोक्याची खळ कुंच्यानं लावायची, उन्हात कडक होऊ द्यायची. खळ नाही तर सूत मागावर तुटतं. सूत तुटलं तर घोंगडी नाही. घोंगडी नाही तर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत काय मांडायचं? हे सगळं प्रि.समोर सांगायचं होतं. तिथं तोंडातून शब्द निघाला तो "बघतो".

कार्तिक वद्य ६, मंगळवार

मल्लूशी वाजलं. मिलमधून आला, जेवायला बसला आणि म्हणाला, "बाबा, सही करून टाका. मिलची रंगीत चादर मिळत्या, तुमची टोचरी घोंगडी कोन घेनार?"

"धनगर घेतो, शेतकरी घेतो. तुझ्या लग्नात खाली काय अंथरलं होतं?"

"त्ये ऱ्हाऊ द्या. तुमीच म्हनता की, तिसरीनंतर शाळा सुटली म्हनून जनमभर चुटपूट लागली. आता दारात कॉलेज येतंय तर तुमीच आडवं पडताय."

उठून गोठ्यात गेलो. म्हशीनंसुद्धा तोंड फिरवलं.

मी कॉलेजच्या विरुद्ध नाही. कॉलेज व्हावं, मोठं व्हावं. आमच्या ताण्यावर होऊ नये. इतकं सोपं वाक्य. लेकासमोर का सुचत नाही, आता सुचतं.

कार्तिक वद्य ९, शुक्रवार

ओढ्यापलीकडची जागा बघायची ठरवली. उगीच नाही म्हणालो असं व्हायला नको. गंगव्वा आणि मी एक पांढरा ताणा तिकडं लावला. जागा सरळ आहे. जमीनही बरी. मला वाटायला लागलं, आता नाही कशाला म्हणायचं. पण वारा मिलच्या धुराड्याकडून. खळ ओली असतानाच काजळी बसत गेली. झटकावी तर पसरते. दुपारपर्यंत सूत गाढवाच्या रंगाचं.

गंगव्वा म्हणाली, "बगा आण्णा, पांढरं केस काळं झालं. तुमी बी हितं झोपा दोन दिस."

ताणा वाया. तिचा होता. हसत होती, पण येताना सगळी वाट काळं सूत पदरानं पुसत होती.

कार्तिक वद्य १०, शनिवार

काळं सूत रुमालात बांधून प्रि.कडे गेलो. बांधकामाचा ओव्हरसियर पण होता. (तरुण आहे, डोक्यावर साहेबी टोपी, सारखी सावरतो.) प्रि.नी सूत बोटानं चोळलं, बोट काळं झालं. धोतराला पुसलं. म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं. आणखी कुठं पाहू. पण पाया आता घ्यायलाच हवा. अक्कलकोटकडची, मंगळवेढ्याची मुलं धर्मशाळेत झोपतात, त्यातला एक तापानं आठवडाभर पडून होता. पावसाळ्यात त्यांना कुठं ठेवू, सांगा."

मी म्हणालो, आमच्या घरांत ठेवा.

बोलून गेलो. घरी हिला सांगायचा धीर झालेला नाही.

मग नकाशावर बोट ठेवून म्हणालो, हे वसतिगृह माळावर आडवं पडलंय. ते आमच्या ताण्यासारखं ओढ्याला समांतर, लांबट उभं करा, कडेला आमची पट्टी राहील.

ओव्हरसियर हसला. "आजोबा, इमारत म्हणजे काय खाट आहे, फिरवायला? खोल्यांचा उजेड, वारा, सगळं ठरवून नकाशा मुंबईहून मंजूर झालाय."

मी म्हणालो, मुंबईच्या माणसानं माळ बघितला होता का?

हे मी म्हणालो! तोंडावर. प्रि. खिडकीबाहेर बघायला लागले. म्हणालो ते म्हणालो. सही नाही करणार. ज्यानं त्यानं आपलं बघावं.

मार्गशीर्ष शुद्ध १, शुक्रवार

ओव्हरसियरनं माळावर चुन्याच्या रेघा मारल्या. आमच्या ताण्याला आडव्या, अगदी पोटातून. मी विचारलं, कबुली कुठं आहे? म्हणाला, "कबुली ही प्रिन्सिपॉलसाहेबांची हौस. जागा संस्थेची आहे."

वडार लोकांचा तळही ओढ्याशी पडला. कुदळी, टोपल्या, गाढवं. रात्री जेवण जाईना. हिनं बडीशेप दिली.

मार्गशीर्ष शुद्ध ३, रविवार

कॉलेजची पोरं संध्याकाळी माळावर हुतुतू खेळली. त्यातून मेंढरं गेली. चुना राहिला नाही. मी मुद्दाम बघून आलो, एक रेघ धड नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

उद्या सोमवार. उद्या माळ मोकळा राहणार. मोकळा दिसला की खणतील, या विचारानं चहा गोड लागेना. म्हणून दिवस मावळायच्या आत जाऊन आमच्या जागी मंगळवारच्या ताण्याच्या खुंट्या आजच ठोकल्या. दोन्ही टोकांना. मधे दोरी ओढून ठेवली, घट्ट. जागा धरलेली दिसावी. दिसली म्हणजे कळेल त्यांना.

ही म्हणाली, "सोमवारी दोरी बी लावू न्हाई." म्हणालो, आज रविवार आहे.

मार्गशीर्ष शुद्ध ४, सोमवार

काय झालं ते आजच लिहून ठेवतो.

देवळातून आलो तर आळीतली पोरं बोंबलत आली. माळावर धावलो. वडारांनी पाया खणलेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुतात सरळ, गुडघाभर खोल. कुठं? माझ्या दोरीखाली! चुना दिसला नाही, ओव्हरसियर आलेला नव्हता, खुंट्या आणि दोरी दिसली, खणत सुटले.

त्यांचा म्होरक्या यल्लाप्पा कपाळ पुसत म्हणाला, "दोरी हुती, खुंट्या हुत्या, आमी खनलं. दोरीवर काय नाव लिवलंय?"

ओव्हरसियर आला. चर बघितला, मला बघितलं. टोपी काढून हातात घेतली.

"त्या दिवशी म्हणालात इमारत फिरवा. आज फिरवलीतच! फौजदाराला बोलावतो."

फौजदार म्हणजे चौकी. जन्मात चौकीची पायरी चढलो नाही. पण मग तो चर दिसला. ज्या जागी माझा बाप खळ लावत चालला, तिथं चर. आणि मी म्हणालो, "बोलवा. खुंट्या माझ्या आहेत. दोरी माझी आहे. कुदळ तुमची."

गंगव्वा मागून, "आन खड्डा कुनाचा?"

वडार हसले. ओव्हरसियर कॉलेजकडे गेला. फौजदार काही आला नाही. संध्याकाळपर्यंत दारात पाऊल वाजलं की मी उठत होतो.

मार्गशीर्ष शुद्ध ५, मंगळवार

आज ताणा लावला.

सकाळी आळीतले सगळे माझ्या ओट्यावर. कुणी म्हणालं चर बुजवू, कुणी म्हणालं आजचा दिवस राहू द्या. मी म्हणालो, मंगळवार आहे, ताणा लावायचा. खुंट्या चराच्या टोकांना तशाच होत्या. सूत चरावरून ताणलं. आडव्या काठ्या दोन्ही कडांवर टेकवल्या, छान बसल्या. एका काठावरून मी, दुसऱ्यावरून गंगव्वा, मधे चर. खळ खाली मातीत ठिबकत होती. पाय घसरला तर कंबर जायची, म्हणून मी देवाचं नाव घेत चाललो. गंगव्वा कॉलेजला शिव्या देत चालली. दोघांचंही चालणं नीट झालं.

प्रि. आले. बराच वेळ उभे. पोरंही जमली, वर्ग सोडून. ओव्हरसियर काहीतरी सांगत होता, प्रि.नी त्याला हातानं थांबवलं.

मला म्हणाले, "अण्णा, खरं सांगा. मुद्दाम केलंत?"

"साहेब, मुद्दाम जागा धरली. खणायला मी सांगितलं नाही."

ते चराच्या एका टोकाला जाऊन दुसऱ्या टोकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही म्हणत होतात तसाच उभा पडलाय पाया." काम थांबवलं. रविवारी कमिटी बसणार, मी यायचं आणि स्वतः बोलायचं.

मल्लू मिलचा भोंगा झाल्यावर माळावरून आला. जेवताना म्हणाला, "खळ जास्त दाट झालीया आजची." बास. त्याला अजून खळ कळते.

मार्गशीर्ष शुद्ध ८, शुक्रवार

बोलायचं पाठ करतोय. आरशासमोर उभा राहिलो तर ही म्हणाली, "म्हातारपनी नटताय काय?" सगळं विसरलो. पोरांना आमच्या घरी ठेवायचं बोलून बसलो होतो तेही आज सांगून टाकलं. ती म्हणाली, "किती?" मी म्हणालो, माहीत नाही. म्हणाली, "भाकरी खात्यात का भातवाली हायती?"

मार्गशीर्ष शुद्ध १०, रविवार

कमिटीतून आलो. पाठ केलेलं एकही वाक्य बोललो नाही.

मोठी माणसं, लांब टेबल. मधे तोच नकाशा. कुणीतरी पेन्सिलीनं वसतिगृह एकदा उभं काढून पुसलेलं. पुसलं तरी दिसत होतं. कुणी काढलं, विचारलं नाही. प्रि. मान खाली घालून बसले होते.

एका वकीलसाहेबांनी विचारलं, "या माळावर तुमचा हक्क कोणता?"

कागद नाही, सनद नाही. काय सांगणार. म्हणालो, "रोजचा."

हसले. "रोजचा हक्क असा काही कायद्यात नसतो."

"कायद्यात नसेल. माळावर आहे."

मग खिशातली कबुली काढून टेबलावर ठेवली, बिनसहीची. म्हणालो, कॉलेज बांधा. पोरं आमच्या घरी ठेवा तोवर. इमारत ओढ्याला समांतर उभी बांधा, आमची माणसं माती वाहतील. पण आडवी बांधायची तर यावर दुसऱ्या कुणाची सही घ्या. माझी नाही मिळणार.

खाली बसायला सांगितलं नाही, उभाच होतो. निकाल नंतर कळवू म्हणाले. बाहेर आलो तर ओव्हरसियर यल्लाप्पाला सांगत होता, उद्या सकाळी चर बुजवायला या, नवा चुना मारून घेऊ. म्हणजे निकाल लागला की नाही? प्रि.ना विचारायला वळलो, दार लागलं होतं.

आळीत सगळं सांगितलं. रोजचा म्हणालो हे सांगताना मला जरा बरं वाटत होतं. गंगव्वा लगेच, "रोजचा म्हनलात आण्णा. मग सोमवारचं काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या बापानं सोमवारी ताणा लावला नाही, त्याच्या बापानंही नाही.

मागच्या सोमवारी माळावर दोरी होती, माणूस नव्हता, म्हणून खणला.

दिवस आहे तोवर देवळात जाऊन आलो. उद्याचं देवाला सांगून आलो. त्याला पटलं की नाही कळायला मार्ग नाही, घंटा नेहमीसारखी वाजली.

चिंचोक्याची खळ शिजवून झाली. सोमवारी दोरी नको म्हणणारी हीच ढवळत होती. मल्लू म्हणतो, उद्या मिलची पाळी चुकवून एका काठावर तो चालेल, माझा पाय घसरतो म्हणून.

उद्या सोमवार. उद्या ताणा लावायचा.