डिपॉझिटचा कागद

हॅसलडेन, ९ जानेवारी

ती. हेस्टर आत्यास,
लोर्नाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पत्रच बरं. बातमी चांगली नाही. घरमालक आमचा फ्लॅट विकतोय, सात मार्चला रिकामा करून मागतोय. अकरा वर्षांत भाडं एकदाही थकलं नाही. त्याबद्दल तो आभारी आहे म्हणाला.

शाळेच्या जेवणघरातल्या पगारात भाडं कसंबसं भागतं, पण नव्या घराचं डिपॉझिट एकरकमी कुठून आणू? म्हणून गावच्या कौन्सिलात, घरांच्या खात्यात गेले. तिथली मिस अडेयेमी भली पोरगी आहे. तिनं सांगितलं की कौन्सिल रोख देत नाही, हमीचा कागद देते. आम्ही घराचं नुकसान केलं तर मालकाला कौन्सिल भरून देईल, असं त्यात लिहिलंय. ब्रायनी म्हणाली की आई, फ्रेम करून लाव, पण आधी भिंत शोध. चौदाची झाली, जीभ तुझ्यावर गेलीय.

गुडघ्याचं कळव. माया आहे तशीच राहू दे.
तुझी लोर्ना

मोरकॅम्ब, १५ जानेवारी

चि. लोर्ना हिस,
हेस्टर आत्याचे अनेक आशीर्वाद.

गुडघा जागेवर आहे, मीच जागची हलत नाही. तुम्हा दोघींना इथेच बोलावलं असतं, पण ही म्हाताऱ्यांची वसाहत. व्यवस्थापक बाईंना विचारलं, तर म्हणाल्या की पाहुण्यांना महिन्यातून तीनच रात्री. मी म्हटलं, या वयात मीच इथे पाहुणी आहे. बाई हसल्या नाहीत.

तो कागद दाखवताना मान खाली घालू नकोस. तुझा बाप बेकारीच्या रांगेतसुद्धा बूट चकचकीत करून उभा राहायचा. ब्रायनीचे केस अजून हिरवेच आहेत का? घर बघायला जाताना तिला टोपी घाल.

या म्हातारीला विसरू नका.
हेस्टर

हॅसलडेन, १२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

एकोणीस घरं झाली. कागदाचं नाव काढलं की फ्लॅट आत्ताच गेला म्हणतात. एकदा मी फोन ठेवला आणि लगेच जेवणघरातल्या मर्लनं तिथेच फोन केला. तिला म्हणाले, रिकामा आहे, कधी येता बघायला?

पण आज विसावं घर! मिस्टर एंटव्हिसल, बस चालवून निवृत्त झालेले, बायको गेल्यावर मुलीकडे राहायला गेलेत. चहा दिला, कागद चष्म्याजवळ नेऊन दोनदा वाचला आणि म्हणाले, मी माणूस बघून घर देतो, कागद असला काय नि नसला काय. ब्रायनीनं टोपी काढली तर हिरवे केस बघून म्हणाले की आमच्या जुन्या बसचा रंग अगदी हाच होता. आता कौन्सिलचा माणूस घर तपासून गेला की झालं. तिथून निघाल्यापासून मी उगाचच गाणी म्हणतेय.

आनंदात आहे, तूही हो.
लोर्ना

हॅसलडेन, २४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घर नापास झालं. मागच्या खोलीत ओल, वायरिंग चाळीस वर्षांचं. अशा घराला हमी देता येत नाही, आणि दुरुस्ती होईपर्यंत ते कुणालाही भाड्यानं द्यायचं नाही, असा हुकूमच निघाला. मिस अडेयेमीचे डोळे भरून आले होते. तिचं चुकलं नाही, वायरी खरंच धोक्याच्या आहेत.

मी माफी मागायला गेले. एंटव्हिसल दारातच उभे होते. म्हणाले, बाई, त्या भाड्यावरच माझं चालायचं होतं. दुरुस्तीला पैसे नाहीत, आता विकावं लागेल. तुम्ही तो कागद घेऊन आला नसता तर बरं झालं असतं. चिडून बोलले असते तर मी सोसलं असतं. ते हळू बोलले.

तुझी
लोर्ना

मोरकॅम्ब, २७ फेब्रुवारी

चि. लोर्ना हिस,
आशीर्वाद.

सोबत चेक आहे. माझ्या अंत्यविधीसाठी भरलेले पैसे मी काढून घेतले. वाद घालू नकोस. मला पुरायला कौन्सिल आहेच, जिवंत माणसापेक्षा मेलेल्याला ते लवकर जागा देतात. रोख डिपॉझिट भर आणि घर घे.

तुझ्या आईबापांच्या माघारी तुला मी वाढवलंय, हे लक्षात ठेवून चेक वठव.
हेस्टर

हॅसलडेन, ५ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले आणि मग चेक घेऊन भाड्याच्या घरांच्या एजंटकडे धावले. त्यानं चेक बघितला, मान डोलावली आणि विचारलं की जामीन कोण? स्वतःच्या मालकीचं घर असलेला जामीन हवा. मी तुझं नाव घेतलं. तू भाडेकरू. मर्ल भाडेकरू. मग मी बसून आपले सगळे आठवले, बाबांचे भाऊ, आईची बहीण, मेलेलेसुद्धा. आत्या, आपल्या अख्ख्या घराण्यात स्वतःचं घर असलेला एकही माणूस झाला नाही. मला हे आजवर कधी जाणवलंच नव्हतं.

चेक परत पाठवतेय. ते पैसे पुन्हा भर. कौन्सिल म्हणते, बाहेर काढायला कोर्टाचा माणूस येईपर्यंत फ्लॅट सोडू नका, आपणहून निघालात तर आमची जबाबदारी संपली. म्हणून बसून आहोत. खोकी बांधलीत.

रागावू नकोस.
लोर्ना

२१ जून

ती. हेस्टर आजीस,
ब्रायनीचा नमस्कार.

आई लिहीत नाही म्हणून मी लिहितेय. मे महिन्यात कोर्टाची माणसं आली, दोघंही अदबीनं वागली. कौन्सिलनं हायवेजवळच्या हॉटेलात एक खोली दिली, तीस मैलांवर. आई पहाटे दोन बस बदलून शाळेत जायची. तरी रोज उशीर व्हायचा. तीन आठवडे त्यांनी चालवून घेतलं, मग दुसरी बाई ठेवली. मी शाळेत जात नाही, पण ते आईला बोलू नकोस, तिला माहीत आहे.

मिस अडेयेमी भेटली. म्हणाली की हमीचा नवा कागद पगार असणाऱ्यांनाच मिळतो, नाहीतर पुढचं भाडं कोण भरणार? आईनं तिचे आभार मानले. आई आता सगळ्यांचेच आभार मानते. दिवसभर पलंगावर बसून असते आणि दार वाजलं की पटकन चपला घालते.

सोमवारी आम्हाला इथूनही हलवणार आहेत. कुठे ते सोमवारीच कळेल. तू पाठवलेलं पत्र खाली काउंटरवर चार दिवस पडून होतं, उघडलेलं. म्हणून आता लिहू नकोस, आजी. पत्ता मिळाला की मी कळवीन.

तुझी
ब्रायनी