देरातल्या परसातलं वॉलबीचं पिल्लू

बाबा, दुबईतल्या देरात आल्यावर कितीतरी महिने मी तुम्हाला एकदाही बाबा म्हणून हाक मारली नव्हती. तुमच्या ते लक्षात आलं होतं की नाही, ठाऊक नाही. आईच्या आलं होतं. "त्यांना सांग जेवण वाढलंय," "त्यांना विचार पाणी हवंय का," असं मी तुम्ही समोर बसलेले असताना तिला सांगायची आणि ती माझ्याकडे डोळे वटारून बघायची. पण माझा तरी काय इलाज होता? मी नऊ वर्षांची होते. रत्नागिरीकडच्या आपल्या गावात बाबा म्हणजे भिंतीवरचा एक फोटो, ईदच्या आधी कुणाबरोबर तरी येणारी कापडाची आणि अत्तराची पुडकी, आणि दोन-तीन वर्षांनी येऊन थोडे दिवस राहणारा एक दांडगा, मोठ्या आवाजाचा माणूस. तो परत गेला की घर पुन्हा आमचं व्हायचं. मग एका हिवाळ्यात आई आणि मी मुंबईहून बोटीत बसलो, वाटभर ओकत दुबईला पोचलो, आणि त्या फोटोतल्या माणसाच्या घरात राहायला लागलो.

मोठी जहाजं तेव्हा खाडीत येत नसत. बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राहत, आणि त्यांच्यावरचा माल बार्जमध्ये उतरवून धक्क्यावर आणावा लागे. त्या बार्जचे तुम्ही तांडेल, खलाशांचे म्होरके. धक्क्यामागच्या गल्लीत आपल्या दोन खोल्या, आणि मागे एका बाजूला शेजाऱ्यांची भिंत आणि बाकी खजुरीच्या झापांचं कुंपण असलेलं वाळूचं परस. त्या वाळूत तुम्ही बाग करायला निघाला होतात! उंटांची लीद आणून मिसळायचात, गोण्यांतला कचरा आणून पसरायचात, आणि नमाजाआधी हातपाय धुतलेलं वजूचं पाणीसुद्धा वाया न घालवता लिंबाच्या आळ्यात सोडायचात. एक लिंबू, एक शेवगा, मेंदीचं झुडूप, आणि सावलीला जेमतेम जीव धरून राहिलेला अळू. सगळी गल्ली तुम्हाला हसायची. मी खिडकीच्या गजांतून तुम्हाला वाकून खणताना बघायची, आणि तुम्ही वळलात की मागे सरायची.

एका संध्याकाळी तुम्ही दोन खलाशांच्या मदतीने एक लाकडी खोका परसात आणून ठेवता. आई पदराला हात पुसत बाहेर येते. "हे काय आणलंत?" तुम्ही खोक्याची फळी काढता. आतून करड्या केसांचं, मोठ्या कानांचं एक जनावर डोकं बाहेर काढतं, मग दुसरं. पुढचे हात लहानसे, मागचे पाय हे लांब, आणि जाड शेपूट. ऑस्ट्रेलियाहून गव्हाच्या पिठाचं जहाज आलं होतं. त्यावरच्या एका सुताराने ही जोडी पाळली होती, पण पुढच्या बंदरात जनावरं चालणार नव्हती. कप्तानाने त्याला सांगितलं, कुणाला तरी दे, नाहीतर समुद्रात टाक. "तो सुतार रडत होता," तुम्ही आईला म्हणालात. "एवढा दाढीवाला बाप्या. मग काय करणार? म्हटलं, दे इकडे."

"आणि कांगारूंना खायला काय घालणार आहात? माझं डोकं?"

"कांगारू नाहीत, वॉलबी. कांगारूचे धाकटे भाऊ."

भिंतीपलीकडच्या अरब घरातली म्हातारी आवाज ऐकून आली, बुरख्याआडून बघत राहिली, आणि मग हसून हसून खालीच बसली. "यरबू! यरबू कबीर!" वाळवंटात उड्या मारत फिरणारा उंदीर असतो तो यरबू, हा त्याचा थोरला अवतार. दुसऱ्या दिवसापासून धक्क्यावरची माणसं बघायला येऊ लागली. एकाने विचारलं, हे हलाल आहे का? तुम्ही म्हणालात, "आधी मला खा, मग विचार." आईने त्यांना नाव दिलं नवरा-नवरी, कारण खोक्यातून बाहेर आल्यावर दोघं लग्नातल्यासारखी शेजारी शेजारी, खाली मान घालून बसली होती.

नवरा-नवरीने पहिल्याच आठवड्यात तुमचा अळू संपवला. मेंदीही कुरतडली. मला वाटलं, आता तुम्ही ओरडणार. तुम्ही कमरेवर हात ठेवून उभे राहिलात आणि म्हणालात, "बरं झालं. तो तसाही लागत नव्हता." मग लिंबाभोवती झापांचं कडं केलंत, आणि रोज फजरच्या नमाजानंतर बाजारातून लसूणघासाची पेंढी आणायला लागलात. मी आधी खिडकीतून बघायची, मग दारातून, मग पायरीवरून. एका सकाळी तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसला होतात. वळून न बघताच तुम्ही घासाची एक जुडी मागे धरलीत. "घे. उभी राहू नको, खाली बस. तू उंच दिसलीस की त्यांना भीती वाटते." मी बसले. नवरी आली, माझ्या बोटांवर तिचे दोन हात ठेवून खायला लागली. तुम्ही तरीही वळला नाहीत. आता वाटतं, तुम्हाला माहीत होतं, वळलात तर मी पळेन. नवरीला आणि मला तुम्ही एकाच रीतीने माणसाळवत होतात.

त्यातच ती ओरडण्याची सकाळ. मी नवऱ्याचं शेपूट धरलं, नुसतं गमतीने, आणि तुम्ही दारातून गरजलात, "शेपटाला हात नाही लावायचा!" भिंतीवरची कबुतरं उडाली. मी आत जाऊन गोधडीत शिरले आणि मग काही दिवस परसात फिरकलेच नाही. शेवटी तुम्हीच खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसलात. टोपी काढलीत, परत घातलीत. "बाय," तुम्ही म्हणालात, "माझा आवाज बार्जवरचा आहे. तिथे हळू बोललं तर वाऱ्यात ऐकू जात नाही, आणि ऐकू गेलं नाही तर गोणी कुणाच्या तरी डोक्यात पडते. घरात कसं बोलायचं, ते मला कुणी शिकवलंच नाही गो. कारण घर नव्हतंच ना इथे." एवढं बोलून उठलात. माझ्या आयुष्यात इतकं मोठं भाषण तुम्ही पुन्हा केलं नाहीत.

थंडी सरत आली तेव्हा तुम्ही मला नवरीचं पोट दाखवलंत. पोटाशी असलेल्या पिशवीतून काडीसारखा एक पाय बाहेर आला होता. "बघ, पोर आहे," तुम्ही कुजबुजलात. होय बाबा, तुम्ही कुजबुजलात. तुम्हाला ते येत होतं. पाय आत गेला, आणि थोड्या वेळाने एक नाक बाहेर आलं. आपण दोघं वाळूत पालथे पडून बघत होतो, आणि आई चुलीपाशी, नाश्ता निवला म्हणून हाका मारत होती.

मग उन्हाळा आला. तसला उन्हाळा मी पाहिला नव्हता. हवा ओल्या घोंगडीसारखी अंगाला चिकटायची. ही जनावरं तापली की स्वतःचे हात चाटतात, हे तुम्ही हेरलं होतंत. त्यांनी हात चाटायला सुरुवात केली की तुम्ही गोणपाटं भिजवून झापांवर टाकायचात. तुम्ही बाहेर असलात की ते काम माझं. एका दुपारी मी गोणपाट टाकून आत आले, आणि परत गेले तेव्हा नवरी लिंबाखाली आडवी होती. तिचे हात ओलेच होते. डोळे उघडे, पण त्यांच्यावर माशी बसली होती. आणि तिची पिशवी हलत होती.

आई तापाने पडली होती. मी धावले. अनवाणी, डोक्यावर ओढणी नाही, धक्क्याकडे. वाळू इतकी भाजत होती की मी सावली बघून उड्या मारत गेले. धक्क्यावर शंभर माणसं असतील: हमाल, खलाशी, अरब, बलुची, आपले रत्नागिरीवाले. तुमचा बार्ज नुकताच खाडीत वळला होता आणि तुम्ही सुकाणूपाशी उभे होतात. इंजिनाच्या धडधडीत काय ऐकू येणार? मी कडेला उभी राहिले, आणि माझ्या पोटातून जो आवाज निघाला, तो माझा आहे हे मलाच पटेना. "बाबा! ओ बाबा!" सगळा धक्का थांबला. तुम्ही वळलात. नंतर तुमच्या खलाशाने आईला सांगितलं, "वहिनी, पोरीचा आवाज म्हणजे डिट्टो तांडेल." बार्ज अजून धक्क्याला लागलाही नव्हता, आणि तुम्ही सुकाणू त्याच्या हातात देऊन उडी मारलीत.

पिल्लू जिवंत होतं. अंगावर नुकती लव आलेली, कान मागे चिकटलेले. नवरीचं आचळ ते तोंडातून सोडत नव्हतं. गोण्या उचलून दगड झालेल्या बोटांतली करंगळी तोंडात सरकवून तुम्ही ते अलगद सोडवलंत, आणि पिल्लाला बनियनच्या आत पोटाशी धरलंत. म्हातारीने शेळीचं दूध दिलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरने डोळ्यांत औषध घालायची काचेची नळी दिली. आईने तापातच उठून तुमच्या जुन्या फ्लॅनेलच्या शर्टाची थैली शिवली, तुम्ही ती गळ्यात अडकवलीत. नवरीला आपण शेवग्याखाली पुरलं. नवरा बरेच दिवस त्या जागेपासून हलला नाही.

ड्यूटीवरही तुम्ही ती थैली घेऊन गेलात. "तांडेलला दिवस गेले," माणसं म्हणायची. सुपरवायझर म्हणाला, "काम करनेका है या दाई बननेका है?" तुम्ही म्हणालात, "साब, दोनो करेगा." पण एक दिवस समुद्र खवळलेला होता, जहाजाला लागताना बार्ज आदळला, आणि थैली वाचवायच्या नादात तुम्ही पडलात. घरी आलात ते कपाळाला पट्टी बांधून. थैली कोरडी होती. आईने पट्टीकडे बघितलं, थैलीकडे बघितलं. तिने त्या जनावरांना तोवर बोटही लावलं नव्हतं. ती हात पुढे करून म्हणाली, "द्या इकडे. बाप्यांचं काम नाही हे. आणि कपाळ फुटून मेलात तर आम्ही इथे कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

त्या दिवसापासून आईच्या गळ्यात थैली. ती भाकऱ्या थापायची, आणि थैलीतून दोन कान बाहेर. पिल्लू बघायला म्हातारीच्या सुना यायला लागल्या, आई त्यांना चहा करायला लागली, आणि गाव सोडल्यापासून घुमी झालेली माझी आई मोडक्या अरबीत "शुवैय शुवैय, हबीबी", हळू हळू, राजा, असं म्हणत पिल्लाला दूध पाजायला लागली. पिल्लाला हगवण लागली, एकदा तर खलास असंच आपण धरून चाललो होतो. तुम्ही रात्रपाळी बदलून घेतलीत, आईने दुधात पाणी वाढवलं, आणि ते तगलं. हवा गार झाल्यावर एका सकाळी ते थैलीतून उतरलं, परसात तीन उड्या मारून पडलं, उठलं, आणि नवऱ्याच्या पोटाखाली जाऊन बसलं. "माशाल्ला," म्हातारी भिंतीवरून म्हणाली. तुम्ही मोठ्याने हसलात, बार्जवरचं हसू. कुणीच घाबरलं नाही, पिल्लूही नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. गल्ली पाडून रस्ता झाला, आपण वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत गेलो, आणि नवरा आणि पिल्लू एका अरब व्यापाऱ्याच्या खजुरीच्या बागेत गेले. दर शुक्रवारी जुम्याचा नमाज झाला की आपण घास घेऊन जायचो. पुढे मला शिकायला गावी पाठवलंत आणि तुम्ही पुन्हा दोन वर्षांनी येणारे पाहुणे झालात. पण आता तुम्ही येणार म्हटलं की मी आदल्या दिवसापासून एसटीच्या थांब्यावर जायची, हे तुम्ही पाहिलंत. तुम्ही गेलात तेव्हा मी उशाशी होते. त्यालाही आता किती वर्षं झाली. आता मी लेकीकडे असते, दुबईतच, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये. नातवाला हे सांगितलं, तर तो म्हणतो, "नानी, यू मेड इट अप! व्हेअर आर द फोटोज?" फोटो कुठले? आपल्याकडे कॅमेराच नव्हता. म्हणून मग लिहायला बसले, आणि त्याच्याऐवजी तुम्हालाच लिहीत गेले.

हे कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे एक सांगून टाकते. गावात तुम्ही सगळ्यांना मोठ्या कौतुकाने सांगायचात, "आमच्या बायला जनावरांचा भारी लळा." मी कधी नाही म्हटलं नाही. खरं सांगू? मला त्यांचा वास सहन व्हायचा नाही, आणि परसातल्या त्या नवऱ्याचं फुरफुरणं आठवलं की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. मी रोज सकाळी परसात यायची, कारण तिथे तुम्ही असायचात.