मागच्या कोठीतले चार सिलिंडर

२ जून, सोमवार
आज आले: दोनशे पानी वही एक, निळ्या रिफिली दोन, रिमोटचे सेल दोन, दिव्याच्या वातींचा पुडा एक. हे सगळे मिळून एका दिवसाच्या भाजीत बसले. शिवाय टीव्हीवर ते नवीन चॅनेल, तीन महिन्यांसाठी. ते अकरा दिवसांच्या दुधाला पडले.
चॅनेल ह्यांच्या बातम्यांसाठी घेतले आहे. त्यावर बातम्या लागत नाहीत, असे घेतल्यावर मुलगी म्हणाली. आता घेतलेच आहे तर वाया जाऊ द्यायचे नाही, इतकेच.

४ जून, बुधवार
नोंद असावी म्हणून लिहिते. ‘ध्रुवापार’ ही मालिका मी नऊ वर्षे दर रविवारी पाहिली. आवडायची म्हणून नव्हे. अवकाशयानावर बेचाळीस माणसे, आणि लिहिणाऱ्यांना साधी बेरीज येत नव्हती. कुणीतरी हिशेब ठेवायला हवा होता. अन्न, पाणी, हवा. सहा वह्या भरल्या. मॅट्रिकला गणितात मी वर्गात दुसरी होते. पहिली आली ती माझे बघून लिहायची.
आता म्हणे ‘ध्रुवापार’चे कार्टून येणार. माणसे तीच, पण रंगवलेली. मुलगी म्हणते, आई, ह्याला स्पिन-ऑफ म्हणतात. मी ह्याला उरल्या चिंध्यांची पिशवी म्हणते. पेपरात चित्र आले आहे. डोळे बशीएवढे आणि नाक नाहीच. नाकच नाही तर ह्यांना हवा कशाला लागते?
निश्चय: पाहायचे नाही.

५ जून, गुरुवार
पाहायचे नाही हे ठरलेच आहे. पण कोठीवालीचे काय, हा प्रश्न उरतो.
त्या यानावर अक्कल असलेले माणूस एकच, ती कोठी सांभाळणारी बाई. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात वही. तिसऱ्या वर्षी यान मागून गळायला लागले. ती झडप बंद करायला मागे गेली. कप्तानाने मधले दार लावले, दोन मिनिटे मान खाली घातली, आणि पुढच्या रविवारी कोठीवर नवीन माणूस बसवला. दार उघडून कुणी पाहिलेसुद्धा नाही. मांजर अडकले तरी माणसे दार उघडतात.
पण माझ्या वहीप्रमाणे त्या आधीच्याच भागात, भाग एकशे बारा, मागच्या कोठीत हवेचे चार सिलिंडर ठेवले होते. एका माणसाला एक सिलिंडर तीन दिवस. चार म्हणजे बारा दिवस. यान अवकाशतळाला लागले अकराव्या दिवशी. म्हणजे ती जिवंत आहे आणि वर एक दिवसाची हवा शिल्लक. काटकसरी बाई, दीड दिवसाचीही उरवली असेल.
तेव्हापासून मी चहात साखर घेत नाही. नवस वगैरे काही नाही. साखर वाचते. देवाला मात्र एकदा सांगून ठेवले आहे की ती परत आली की घेईन. त्याच्या कानावर असलेले बरे.

७ जून, शनिवार
ह्यांची पॅन्ट आखूड करायला खालच्या शिवणवालीकडे गेले. कार्टूनचा विषय तिनेच काढला, मी फक्त पाहणार का एवढे विचारले होते. तोंडात टाचण्या धरून म्हणते कशी, की वहिनी, ती गेली हो, बारा वर्षं झाली, आता तरी तिला सोडा. वर म्हणे कप्तानाने बाकीचे एक्केचाळीस वाचवले ते नाही दिसत तुम्हाला.
तिच्या मशीनवर कप्तानाचा फोटो चिकटवला आहे. पन्नाशीच्या बाईला हे शोभते का? माझ्याकडे असले काही नाही. पोथीत कोठीवालीचे एक कात्रण आहे, ते खूण म्हणून आहे.
निश्चय: शिवणवालीशी पॅन्टीपुरतेच बोलायचे.

११ जून, बुधवार. दुपारी
कार्टूनची झलक आली. एक मिनिट पन्नास सेकंद. नुसता आरडाओरडा, स्फोट, आणि एक पोर विनाकारण गाणे म्हणते. लहान मुलांच्या बुद्धीचा एवढा अपमान मी पाहिला नाही.
एक मिनिट बेचाळीसव्या सेकंदाला अंधारात किल्ल्या वाजतात. भिंतीवर सावली. जाडजूड. कमरेशी जुडगा.
नऊ वेळा पाहिले. खात्री करण्यासाठी पाहावे लागते. मुलगी दातांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट लिहिते, तिला तिथे फोन केला. ती कुजबुजत म्हणाली की आई, खुर्चीवर पेशंटचं तोंड उघडं आहे आणि डॉक्टर माझ्याकडे बघताहेत. मी म्हटले, बघू देत, कोठीवाली आली आहे.
निश्चयात बदल: फक्त पहिला भाग. तपासणी म्हणून.

१५ जून, रविवार
मुलीच्या फोनवर एक ग्रुप आहे. त्यात चार हजार मोठी माणसे कार्टूनची काळजी करत बसलेली असतात. कप्तानाचा आवाज बदलला, याचे सुतक. यान आता जास्तच निळे दिसते. कार्टून पोरांसाठी केले की आपल्यासाठी, यावर दोघे एकमेकांचे बाप काढत होते. एकाचे तर जेवणावरचे मन उडाले आहे, कारण यानाला पाचाच्या जागी चार खिडक्या दाखवल्या. वेडे लोक. अर्थात खिडक्या पाच होत्या, चार दाखवणे हा निव्वळ निष्काळजीपणा, ते सोडा.
मुलीने माझ्या वहीच्या पानाचा फोटो तिथे टाकला. मी नको म्हणत होते. अक्षर चांगले दिसावे म्हणून आधी पान नव्याने उतरवून दिले.

१६ जून, सोमवार
नऊशे लोकांनी पसंत केले. एकाने लिहिले, या आजींनी आम्हाला पुन्हा आशा दिली. आजी कुणाला म्हणतो? एका मुलीने लिहिले की ती बसमध्ये रडली. असल्या लोकांच्या कौतुकाने मला काही फरक पडत नाही. मुलीला सांगून सगळे वाचून घेतले, दोनदा.

१७ जून, मंगळवार
‘ब्लॅकहोल सात’ नावाच्या कुणा माणसाने लिहिले आहे की भाग एकशे बारामध्ये सिलिंडर ठेवतच नाहीत, आजींनी भाग पुन्हा पाहावा. स्वतःचे नाव लिहायची हिंमत नाही आणि मला शिकवतो. मॅट्रिक तरी आहे का विचारायला सांगितले. उत्तर आले की तो इंजिनिअर आहे. म्हणजे गणित कच्चे राहिलेलाच.
खरे तर तो एकच भाग मी स्वतः पाहिला नव्हता. आईच्या आजारपणात पाच दिवस माहेरी होते. पण जाताना ह्यांच्या हातात वही-पेन्सिल देऊन गेले होते. ह्यांनी पूर्ण भाग पाहून टिपण ठेवले: मागच्या कोठीत चार सिलिंडर ठेवले, बाकी ठीक. घड्याळे दुरुस्त करणारा माणूस. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसतो. त्याच्या नजरेतून काय सुटणार?

१८ जून, बुधवार
चहाच्या वेळी ह्यांना म्हटले, अहो, तुम्ही साक्षीदार आहात, ग्रुपवर दोन ओळी सांगा. हे लगेच नखे काढायला बसले. नखे परवाच काढली होती. मग म्हणाले, अगं, बारा वर्षांपूर्वीचं काय धरून बसलीस. मग छत्री कुठे आहे विचारले. पाऊस नाही, काही नाही. कोरड्या रस्त्याने छत्री घेऊन दुकानात गेले.
नवऱ्याला भीड फार. मोठ्या मंडळींत बोलायचे म्हटले की असे होते.

२१ जून, शनिवार
उद्या दुपारी चारला पहिला भाग. तयारी काहीच नाही, करण्यासारखे त्यात काय आहे? सोफ्याची खोळ धुतली. टीव्हीची काच पुसली. सकाळी जपाची एक माळ जास्त झाली, ती चुकून.
साखर एक किलो आणली. पाहुणे आले तर असावी. पाहुणे कुणी यायचे नाहीत.
शिवणवालीकडे चॅनेल नाही, म्हणून तिला बोलावले आहे. सत्य सगळ्यांसमोर यावे, यात सूड वगैरे नाही. जिन्यात भेटली तर म्हणाली, येते की वहिनी, पण हरलात तर माझ्या कप्तानाची माफी मागायची. मी म्हटले, आणि तू हरलीस तर तो फोटो खरवडून काढायचा. पॅन्टीपुरतेच बोलायचे ठरले होते, पण तिने सुरुवात केली.

२२ जून, रविवार. दुपारी ३.४०
चहाचे आधण ठेवले आहे. कप बाहेर काढला. साखरेचा डबा ओट्यावर आणून ठेवला, आत मुंग्या लागतात.

संध्याकाळी ५.१०
शिवणवाली स्वतःची उशी घेऊन आली होती. जणू आमच्या सोफ्याला काटे आहेत. मुलगी जमिनीवर, हे दाराजवळच्या खुर्चीत.
छत्तीस मिनिटे पोरे ओरडली. चार खिडक्या. नाके नाहीत. मग अंधार झाला आणि किल्ल्या वाजल्या. मुलीने माझा हात धरला. मी तिला सोड म्हटले नाही.
सावली पुढे आली. एक यंत्र आहे. गोल, पिवळे, झाडू मारणारे. किल्ल्या दिसल्या की गिळते, म्हणून पोटात वाजतात. मग त्याने ढेकर दिला आणि पोरे हसली.
संपले. पुढच्या भागात यंत्राला सर्दी होणार आहे.
मला वाटले शिवणवाली आता सुरू करणार. तिने उशी घेतली, दारात थांबली, म्हणाली, वहिनी, पॅन्टीचे पैसे राहू द्या. हे मला मुळीच आवडले नाही. टोमणा मारला असता तर बरे झाले असते.
चहा कोरा घेतला. कार्टूनवाल्यांना काय कळते? त्यांनी ती दाखवली नाही याचा अर्थ ती नाही असा होत नाही. बघणाऱ्यांच्या लायकीप्रमाणे यंत्र दाखवले.

संध्याकाळी ६.३०
हे स्वयंपाकघरात आले. कधी येत नाहीत. साखरेच्या डब्याकडे बघत म्हणाले, अगं, घे आता साखर, किती दिवस अशी. मी म्हटले, ती जिवंत आहे, चार सिलिंडर आहेत, तुम्हीच पाहिलेत. तर म्हणाले की मी पाहिलेच नाहीत.
त्या रविवारी म्हणे जेवण जड झाले होते. मालिकेचे सुरुवातीचे संगीत ऐकल्याचे आठवते, मग एकदम शेवटची नावे. मी विचारीन म्हणून काहीतरी लिहिले. मी म्हटले, चारच का? तर म्हणे तेव्हा समोर टेबलावर चहाचे कप चार होते.
बारा वर्षे. आणि हा माणूस समोर बसून दोन चमचे साखर घालून चहा पीत होता.
मी भाजी चिरत राहिले. हे मग म्हणाले, रागावलीस? मी म्हटले, छत्री जागेवर ठेवा.

२३ जून, सोमवार
पूर्ण विचार केला. ह्यांनी भाग पाहिलाच नाही. ज्याने पाहिलेच नाही त्याच्या सांगण्याने चार नव्हते हे तरी कसे सिद्ध होते? झोपलेल्या माणसाची साक्ष दोन्हीकडून बाद. चार असतील. सहाही असतील.
हिशेबात चूक नाही. फक्त एका नोंदीची पावती मिळायची आहे.

२४ जून, मंगळवार
मुलगी कामावरून आली ती रिमोट घेऊनच बसली. म्हणाली, आई, जुने सगळे भाग ह्याच चॅनेलवर आहेत, वेगळे काही द्यावे लागत नाही, एकशे बारा काढून ठेवलाय, फक्त बटण दाब. चाळीस मिनिटांत कळेल.
पडद्यावर कोठीवालीचे चित्र थांबले होते. किल्ल्या, वही, आणि नाक.
मी म्हटले, आता डोळे दुखतात. ती म्हणाली, बरं, मग मी बघते आणि सांगते. मी रिमोट घेतला, सेल काढून ठेवले. नवीन सेल उगाच उतरतात. मुलगी मग म्हणाली, राहू दे आई, आणि चहा केला. माझ्या कपात काही न घालता माझ्यापुढे ठेवला.

२६ जून, गुरुवार
कंपनीला पत्र टाकले. ई-मेल करत नाही, त्याची पोच नसते. नक्कल येथे ठेवते.

महोदय,
आपले कार्टून पाहिले. खिडक्या पाच हव्यात. माणसांना नाके द्यावीत. झाडू मारणाऱ्या यंत्राबद्दल काही लिहीत नाही, आपल्यालाही घरी माणसे असतील.
मी आपली चाहती नाही. हिशेब तपासते, एवढेच. जुन्या मालिकेच्या भाग एकशे बारामध्ये मागच्या कोठीत हवेचे सिलिंडर किती ठेवले, याची खात्रीलायक नोंद हवी आहे. भाग स्वतः पाहणे चष्म्यामुळे जमत नाही. घरातले साक्षीदार विश्वासाचे नाहीत. ग्रुपवरच्या इंजिनिअरांना विचारू नये.
चारपेक्षा कमी असतील तर आपण टपालखर्च करू नये, मी समजून घेईन की पत्र गहाळ झाले. साखर एक किलो आणून ठेवली आहे, मुंग्या लागायच्या आत निर्णय व्हावा. चार असतील, तर कृपया उलट टपाली कळवावे.