व्याह्यांनी विचारलंय, कुठली रायफल?

८ जाने. २०१७, रविवार
खोटं बोललो. बारीकसारीक नाही, चांगलं ठसठशीत.
सकाळी स्काइपवर ईशूच्या सासरचे. म्हणजे होणाऱ्या सासरचे. लग्न २२ एप्रिलला, न्यूझीलंडला, टॉमच्या वडिलांच्या फार्मवर. टॉमचे वडील ग्रॅहम. आता व्याहीच म्हणायचं. तर व्याही म्हणाले, लग्नाच्या आधीच्या शनिवारी आमच्याकडे मुलाचा बाप आणि मुलीचा बाप डोंगरावर जातात, हरीण मारून आणतात, तेच लग्नाच्या जेवणात. पद्धत आहे. तुम्ही येणार ना?
मी काही बोलायच्या आत ईशू पलीकडून, "बाबा वोन्ट कम, लाह. ही'ल सिट विथ द आंटीज." सगळे हसले. नी. पण हसली. स्वतःची बायको!
डोकं फिरलं. म्हणालो, कॉलेजात एनसीसीत होतो, बटालियनमध्ये बेस्ट शूटर.
एनसीसीत होतो हे खरं. बँडमध्ये. ड्रम वाजवायला. रायफल एकदाच हातात धरली, कॅम्पला, पाच गोळ्या. माझ्या टार्गेटवर एकही भोक नाही, शेजारच्याच्या टार्गेटवर सहा.

१० जाने., मंगळ
व्याह्यांची मेल. कपाटात तीन रायफली आहेत, त्यातली कुठली हवी ते सांगा, म्हणजे तयार करून ठेवतो.
१. टू-फोर्टी-थ्री. हलकी, झटका कमी, छोटं काडतूस.
२. थ्री-ओ-एट. मधली.
३. थर्टी-ओ-सिक्स. मोठी. त्यांच्या वडिलांची. वडील वारले, तेव्हापासून फारशी बाहेर निघाली नाही.
"यू आर द मार्क्समन, यू चूज." कर्म माझं.

१३ जाने., शुक्र
ऑफिसात लंच अवरमध्ये एक्सेल केलं. गोळीचं वजन, वेग, झटका, दोनशे मीटरवर किती खाली उतरते. नेटवर शिकारी लोकांचे फोरम आहेत, तिथे माणसं हरणांपेक्षा एकमेकांनाच जास्त मारतात. एकजण म्हणतो टू-फोर्टी-थ्रीनं हत्ती पडेल. दुसरा म्हणतो ससासुद्धा पडणार नाही. तिसरा म्हणतो काडतूस नाही, नेम महत्त्वाचा. हा तिसरा मला अजिबात आवडला नाही.
आयुष्यात फ्रिज घेताना, फ्लॅट घेताना, ईशूची शाळा ठरवताना एक्सेलनं उत्तर दिलंय. या वेळी तिन्ही रांगांची बेरीज जवळजवळ सारखी. काय उपयोग.

१४ जाने., शनि
व्याह्यांनी हाताचं माप मागितलंय. कोपराच्या बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत. दस्ता खांद्याला नीट बसायला हवा म्हणे. नी.नं ब्लाउजची टेप आणली.
"अहो, हात सरळ ठेवा. नव्वद अंशात."
"नव्वदच आहे."
"कुठला नव्वद, लोंबतोय."
माप पाठवलं. उत्तर आलं, शॉर्ट आर्म्स, नो वरीज. बरं.

२४ जाने., मंगळ
ऑफिसात वेई मिंग माझ्या शेजारी बसतो, वय तिशीचं, दरवर्षी रिझर्व्हिस्टला, म्हणजे राखीव सैनिकांच्या सक्तीच्या ट्रेनिंगला, जाऊन लष्कराची रायफल चालवून येतो. त्याला खरं काय ते सांगितलं. इथे कुणाला तरी खरं सांगणं भाग होतं. तो इतका हसला की पँट्रीतली माणसं वळून बघायला लागली.
मग खाली, चांगी बिझनेस पार्कच्या मागच्या लॉनवर, माझी लांब छत्री घेऊन धडा. छत्रीची मूठ खांद्याला. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, बोट हळूच मागे. तो कानाजवळ टाळी वाजवतो, तोच 'ठो'. दहा टाळ्या, दहाही वेळा मी डोळे मिटले.
"बॉस, यू क्लोज आय बिफोर द बँग. बिफोर! लाइक दॅट कॅनॉट, लाह."
सिक्युरिटीवाला काका येऊन विचारून गेला, एव्हरीथिंग ओके?

४ फेब्रु., शनि
ठरवलं. कळवलं. थर्टी-ओ-सिक्स.
का? कारण माणसानं आपल्या वडिलांची वस्तू पुढे केलीय. व्याह्यांनी घरातलं चांदीचं ताट पुढे ठेवायचं आणि आपण म्हणायचं, मला स्टीलचं द्या, असं होतं का कुठे? मुलीची बाजू आपली. मानपान आपल्याला कळतो, त्यांना कळत नसला तरी. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात छोटी मागायची लाज वाटली. ईशू पुन्हा हसली असती.
नी. म्हणाली, "खांदा निखळेल तुमचा." निखळू दे.

५ फेब्रु., रवि
व्याही भलतेच खूश. दोन परिच्छेदांची मेल, एरवी दोन ओळी लिहितात. माझ्या वडिलांना आवडलं असतं, म्हणाले. पहिली गोळी तुमची. मी, टॉम आणि ईशा मागे बसून बघू.
शेवटी एक वाक्य. आमच्याकडे नेम चुकला तर कोणी काही म्हणत नाही, पण जखमी जनावर डोंगरावर सोडून येणं, ते आम्ही विसरत नाही.
दोनदा वाचलं.

१२ फेब्रु., रवि
नवीन घोळ. व्याही म्हणाले, सवय व्हावी म्हणून तिन्ही काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पोस्टानं पाठवतो, टेबलावर ठेवा, बघा. मी म्हटलं, वा, पाठवा. वेई मिंगला व्हॉट्सॲपवर सहज सांगितलं तर त्याचा लगेच फोन. "नो नो नो! एम्प्टी ऑल्सो कॅनॉट! यू वाँट पोलीस कम युवर हाउस?" रिकामी पुंगळीसुद्धा परवान्याशिवाय आणता येत नाही इथे. एकोणीस वर्षं राहतोय, पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी आहे, आणि हे ठाऊक नाही.
न्यूझीलंडला फोन. नशीब, पाकीट अजून त्यांच्या स्वयंपाकघरात होतं. म्हणाले, फनी कंट्री. मला अजिबात हसू आलं नाही.

२५ फेब्रु., शनि
वेई मिंगच्या ओळखीनं एअर रायफलच्या हॉलमध्ये. पार जुरोंग ईस्टच्या पुढे. घरून, पासिर रिसहून निघायचं म्हणजे बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. फॉर्म भरा, कार्ड दाखवा, सही करा.
कागद दहा मीटरवर. गोळ्या दहा. कागदावर तीन. आणि या रायफलीला झटका नसतोच, आवाज म्हणजे स्टेपलरइतका. तरी डोळे मिटतातच. पलीकडच्या लेनमध्ये शाळेतली मुलगी, दोन वेण्या, एकाच भोकात सगळं घालत होती.
परत येताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, स्वतःला म्हटलं, बास. मान गेला खड्ड्यात. उगाच एक मुकं जनावर तडफडेल माझ्यामुळे. छोटी रायफल मागायची. झटका कमी म्हणजे डोळे कमी मिटतील. निदान अर्धे.

५ मार्च, रवि
धीर करून मेल लिहिली. पुन्हा विचार केला, टू-फोर्टी-थ्री चालेल का?
तासाभरात उत्तर, सोबत फोटो. वडिलांच्या रायफलीचा अक्रोडी दस्ता इंचभर कापलाय. माझ्या मापाने. टोकाला नवं रबर लावलंय, पॉलिश केलंय. म्हणजे परवाच करून झालं. स्वतःच्या बापाच्या रायफलीला करवत लावली त्यांनी, माझ्या आखूड हातांसाठी!
खाली लिहिलंय, टू-फोर्टी-थ्री तुम्ही घ्यायची तर ईशाला विचारावं लागेल. ती तिचीच आहे आता. तिनं तिच्या दोन्ही हरिणी त्याच रायफलीनं मारल्या.
तिच्या दोन्ही हरिणी.
आमची ईशू. जिला पासिर रिसच्या पार्कात घोरपड दिसली की खांद्यावर घ्यायला लागायचं.

६ मार्च, सोम
नी.ला माहीत होतं! दोन वर्षं!
सकाळी पोहे करता करता शांतपणे म्हणाली, "हो, मला सांगितलं होतं तिनं."
"आणि मला का नाही?"
"तुम्हाला सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात?"
"नको म्हणालो असतो."
"मग."
रागाच्या भरात डबा न घेता निघालो. ऑफिसात वेई मिंगनं कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणून ठेवली, ती गार झाली.
दोन हरिणी मारल्या याचं मला इतकं नाही. मांस खातोच मी, घराबाहेर. पण जावयाला माहीत, व्याह्यांना माहीत, बायकोला माहीत. बापाला नाही. मी कोण, शेजारी?

१९ मार्च, रवि
दोन आठवडे तिचे फोन नी.कडेच दिले. आज घेतला. भांडणाच्या तयारीनंच घेतला.
म्हटलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, आधी तू सांग, एनसीसीत खरंच शूटर होतास? नी.नं काही सांगितलं नव्हतं, शप्पथ सांगते म्हणाली. ईशूला आपलं वाटलंच होतं.
सांगितलं. ड्रम वाजवत होतो.
मला वाटलं हसेल. हसायला हवी होती. भडकली. "बाबा, त्यांनी ग्रँडपाची रायफल कापली! फॉर यू! सगळ्या शेजाऱ्यांना सांगून झालंय त्यांचं. हाऊ कॅन यू?" मी म्हटलं, माझंही चुकलं, तुझंही चुकलं, झालं. ती म्हणाली, झालं नाही.
मग रडत सांगायला लागली. पहिली हरिणी तिची नीट पडली नव्हती. गोळी मागे लागली. धावत जाऊन दुसरी मारावी लागली, जवळून, तिच्या डोळ्यांत बघून. "मला तुला फोन करायचा होता, बाबा. आईला नाही. तुला. नंबर काढला पण होता. पण तू म्हणाला असतास, बघ, सांगितलं होतं ना, नको म्हणून."
म्हणालो असतो. अगदी हेच शब्द.
सायकलला नको, पडशील. एकटीनं एमआरटीनं नको. न्यूझीलंड नको, लांब आहे. टॉम नको, हेही म्हणून झालंय. वाईट वाटतंय फार. आत कुठेतरी.
फोन ठेवताना म्हणाली, ग्रॅहमना तूच सांग. मी सांगणार नाही.

२८ मार्च, मंगळ
पाडवा. नी.नं बाल्कनीत छोटी गुढी उभारली. संध्याकाळी मेल लिहायला बसलो. चार मसुदे. पहिल्यात खांद्याचं दुखणं काढलं. दुसऱ्यात डोळ्याचा नंबर. तिसऱ्यात इतकी माफी मागितली की वाचून मलाच कंटाळा आला. नी. मागून वाचत होती. "अहो, सरळ लिहा ना. ड्रम वाजवत होतो, लाज वाटली, खोटं बोललो. तीन वाक्यं आहेत."
तिचीच तीन वाक्यं लिहिली. दस्ता कापायला लावला त्याबद्दल चौथं. पाठवलं.

२ एप्रिल, रवि
पाच दिवस झाले. उत्तर नाही. हा माणूस एरवी तासाभरात लिहितो. दर दहा मिनिटांनी फोन बघतोय. नी. वैतागून माझा फोनच घेऊन देवळात गेली.
टॉमचा मेसेज ईशूमार्फत, डॅड इज थिंकिंग. काय थिंकिंग? लग्न मोडतं की काय याच्यापायी?
ईशू म्हणाली, बाबा, डोन्ट बी ड्रामा, लाह. पण तिचाही आवाज नेहमीसारखा नव्हता.

५ एप्रिल, बुध
आलं उत्तर. जसंच्या तसं उतरवून ठेवतो, मराठीत.
"श्री, राग आला होता. म्हणून गप्प होतो. मी पण एकदा बायकोच्या वडिलांना सांगितलं होतं की मला मेंढ्यांची लोकर कापता येते. तीन मेंढ्या रक्तबंबाळ झाल्या. तू ये. शुक्रवारी कागदावर मारून बघू. जमलं नाही तर तू गोळी झाडणार नाहीस, हे मी ठरवणार, तू नाही. बाकी रायफल आता परत लांब होत नाही. या घरात ती एकाच माणसाला बसते. काल ईशानं खांद्याला लावून बघितली. माप तिला तंतोतंत आहे."
हायसं वाटलं, आणि लगेच जीव जड झाला. हात माझ्यावरच गेलेत पोरीचे. लहानपणी शर्टाच्या बाह्या दुमडायला लागायच्या.

११ एप्रिल, मंगळ
उद्याचं विमान. रजा टाकलीय. बॅगा भरून झाल्या, नी. वजनकाट्यावर चढवतेय आणि उतरवतेय. लाडू दोन किलो जास्त.
संध्याकाळी ईशूचा फोन. शुक्रवारी तू कागदावर मार, म्हणाली, पण शनिवारचं ग्रॅहमनी तिच्यावर सोपवलंय. त्यांच्या वडिलांची रायफल, मोठं काडतूस. तिनं कधी चालवलेली नाही. झटका मोठा आहे, भीती वाटतेय. पहिल्यांदा कबूल केलं तिनं की भीती वाटतेय. आणि मग,
"बाबा, मी मारू का? तू शेजारी आडवा पडशील, दुर्बीण धरून? तू नको म्हणालास तर नाही मारणार. खरंच. टॉमला सांगते मारायला."
सव्वीस वर्षांत या मुलीनं मला कधी विचारलं नव्हतं. सांगायची. किंवा तेही नाही.
'नको' जिभेवर आलाच होता. गोळी मागे लागली तर? परत तसंच रडली तर? लग्न त्यानंतर आठवड्यावर. 'नको' गिळला, पण 'हो' काही म्हणता येईना. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ती म्हणाली, "नेव्हर माइंड, लाह," आणि ठेवला.
स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटली.
नी. लाडवांचे डबे परत काढत होती, म्हणाली, "अहो, लावा की परत. तिथे आत्ता नऊच वाजलेत."
लावला. एंगेज. परत लावतोय.