तिसरी खाच

प्रिय रोझाली,

शिकारीचा हंगाम उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी आपलं स्वयंपाकघर कसं असायचं, आठवतं? मी ओट्याशी सारण भरलेल्या पास्टीच्या कडा मुडपत असायचे आणि तू टेबलावर वर्तमानपत्र पसरून रायफलच्या लाकडी दस्त्याला जवसाचं तेल चोळत असायचीस. कांद्याचा आणि तेलाचा वास एकमेकांत इतका मिसळायचा, की दुसऱ्या दिवशी रानातल्या खोपटात, कॅम्पवर, पहिला घास घेताच बाबा म्हणायचे, "लुसील, सारणात दस्ता किसून घातलास की काय?" दरवर्षी तोच विनोद, आणि तू दरवर्षी तितकीच हसायचीस. आज मी सवयीने पीठ जास्तच मळलं. मग खाणारं कोण, हे आठवलं आणि हात तसेच पिठात राहिले.

इथे बर्फ पडायला लागलाय. लेनर्डने कॅम्पचं धुराडं साफ करून दिलं. तुझा हा चुलतभाऊ बोलतो कमी, पण येऊन जातो. रविवारी चर्चमध्ये शिकाऱ्यांसाठी प्रार्थना झाली. बाकाबाकांवर नारिंगी जाकिटं होती. आपल्या नेहमीच्या बाकावर मी एकटीच होते, म्हणून कुणाचंतरी अख्खं कुटुंब येऊन बसलं. "जागा आहे ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "भरपूर." कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अगाथा शिकवायच्या, पत्रात आधी बातमी, मग मन, आणि मागणं अगदी शेवटी. तेव्हा बातमी झाली.

वसंतात बाबांना दफनभूमीत पोचवून आलो, तेव्हा तू म्हणालीस, "माझी रायफल विकून टाक, आई. त्यांना ती डोळ्यांसमोर नको होती, मी कशाला सांभाळू?" मी गिऱ्हाईक शोधलं. तो माणूस शनिवारी न्यायला येणार होता.

ते ओलं वर्ष मी विसरलेले नाही. लाकूड फुगून नळीला दाबत होतं, गोळी भलतीकडे गेली आणि हरिणी जखमी होऊन पळाली. तुम्ही बापलेक बर्फातले रक्ताचे थेंब शोधत अंधार पडेपर्यंत फिरलात. ती सापडली नाही. तू जेवली नाहीस. पुढच्या हंगामात तू बाबांनी तुला दिलेली तीच रायफल अॅल्युमिनियमच्या नव्या सांगाड्यात, त्या चॅसीत, बसवून आणलीस. लाकूड वेगळं काढून कापडात गुंडाळलं होतंस. बाबांनी पाहिलं आणि म्हणाले, "हे काय इस्त्रीचं फळकूट? माझ्या बापाची बंदूक आहे ही!" तू एवढंच म्हणालीस, "लाकूड ओल खातं, बाबा. हे खात नाही." त्यावर ते जे बोलले ते बोलायला नको होतं. "हरीण माणसाच्या हातून चुकतं, लाकडाच्या नाही." तू रायफल खुंटीवर ठेवलीस आणि जेवणाआधीच डुलुथला तुझ्या घरी निघून गेलीस. त्यानंतर हंगामाला आली नाहीस.

तुला एक गोष्ट कधी कुणी सांगितली नाही. ज्याला ते 'बापाची बंदूक' म्हणायचे, ती तशी राहिलीच नव्हती. आजोबांनी हार्डवेअरच्या दुकानातून ती आणली तेव्हा ती स्वीडनच्या सैन्याने विकायला काढलेली बंदूक होती, आणि तिचं लाकूड थेट नळीच्या टोकापर्यंत होतं. आमच्या लग्नानंतरच्या हिवाळ्यात तुझ्या बाबांनी तळघरात करवत घेतली आणि पुढचं सगळं लाकूड कापून टाकलं, रानात हलकी पडावी म्हणून. आजोबा म्हणाले, "शत्रूला जमलं नाही ते माझ्या पोरानं केलं." बर्फ वितळेपर्यंत ते आमच्याकडे जेवायला आले नाहीत. आपल्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवायला आपण जो लाकडी टेकू लावतो ना, तो त्याच कापलेल्या लाकडाचा तुकडा. तू गेलीस त्या रात्री मी बाबांना तो टेकू दाखवला. ते म्हणाले, "ते वेगळं होतं."

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. तू इस्पितळात आलीस आणि तुम्ही दोघं हवापाण्याविषयीच बोललात. त्यांचा उजवा हात पुरता लांब होईना. घरातली एकही बंदूक खांद्याशी बसेना. एका सकाळी शेडमधून खटखट ऐकू आली. पाहते तर तुझी रायफल त्यांच्या मांडीवर. चॅसीचा खांद्याला टेकणारा मागचा भाग मागेपुढे होतो हे त्यांनी स्वतःच शोधलं होतं. कळ दाबून तो पार आत, पहिल्या खाचेवर घेतला, नळी वाळूच्या पिशवीवर टेकवली आणि कागदी ताटलीवर नेम धरला. परत येऊन कॉफी मागितली आणि मला समजावून सांगू लागले, जणू शोध त्यांचाच, "लाकूड ओल खातं, लुसील. हे खात नाही." मी हसले, तर म्हणाले, "पोरीला सांगू नकोस. डोक्यावर बसेल." मी शब्द दिला. त्या हंगामात त्यांनी हरीण मारलं. नाताळात लेनर्डच्या नावाने तुला पाठवलेले सॉसेज बाबांच्या त्या हरणाचे होते. तू त्याला आभाराचं कार्ड पाठवलंस. बिचारा अजून विचारतो, कशाबद्दल?

तुला फोन करावा म्हणून मी त्यांच्या किती मागे लागले. "करीन," म्हणायचे. केला नाही, आणि त्यांना मी त्याची माफी अजून दिलेली नाही. पण नेमबाजी झाली, नळी पुसून झाली की ते चॅसीची ती कळ दाबून मागचा भाग पुन्हा तिसऱ्या खाचेवर आणायचे आणि मगच रायफल खुंटीवर चढवायचे. एकाच हाताने, दातओठ खात. मी म्हटलं, "उद्या परत आतच ओढायचाय ना? कशाला हा खटाटोप?" तर म्हणाले, "रोझालीची बंदूक आहे. आली, तर तिच्या मापाची सापडायला नको?"

गिऱ्हाइकासाठी काल ती खाली काढली. तिसऱ्याच खाचेवर होती. त्या माणसाला मी फोन करून नाही म्हटलं, आणि त्यांना दिलेला शब्द मोडून हे पत्र लिहायला बसले.

आता मागणं. रायफल तुझी. मी ती पाठवणार नाही, न्यायला ये. हंगामाच्या आदल्या संध्याकाळी मी कॅम्पवर असेन. लाकडी दस्ता लेनर्डला द्यायचा, तो कॅम्पच्या दारावर टांगेल. बाबांची नारिंगी टोपी तुझी, धुतलेली नाही. खिडकीचा टेकू माझ्याकडे राहू दे. आणि ती खाच तू येईपर्यंत कुणीही हलवायची नाही.

तुझीच,
आई