यादीबाहेरचा अर्ज

बाबा, तुम्हाला आणि आईला नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणाची आबाळ नाही. आईचा गुडघा कसा आहे?

आज नव्या साहेबांनी नोकरीचे अर्ज चाळायला दिले, सोबत विद्यापीठांची यादी. म्हणाले, "यादीबाहेरचे सरळ बाजूला काढा."

आपलं विद्यापीठ यादीत नव्हतं. तिथल्याच एका मुलीचा अर्ज माझ्या हातात होता. चांगला होता हो, बाबा.

बाजूला न काढता तो साहेबांपुढे ठेवला. म्हटलं, "मीही याच विद्यापीठाची."

त्यांनी तो अर्ज उचलून वाचला. "तुमच्या कामावरून वाटलं नव्हतं," म्हणाले. तिला सोमवारी मुलाखतीला बोलावलंय.

मला कायम करायचं की नाही, तेही सोमवारीच ठरवणार आहेत. एवढी ओळ आईला वाचून दाखवू नका.

तुमची,
धाकटी